थांबवून ठेवलेले दूध

दूध फ्रीझरमध्ये ठेवले तर ते फाटते का, आणि फाटत नसेल तर वितळल्यावर ते पातळ आणि कणीदार का दिसते, हा प्रश्न धावपळीच्या घरांतून वारंवार विचारला जातो. वडोदरा शहराच्या उत्तरेला, सावलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने वाढत गेलेल्या समा भागात अशी घरे पुष्कळ आहेत. गायकवाडांच्या काळापासून शहरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतील नव्या पिढीची घरेही त्यांत आहेत. पती-पत्नी दोघेही नोकरीवर, मुलांच्या शाळांच्या वेळा वेगळ्या आणि घरात एखादी वृद्ध व्यक्ती असेल, तर रोज सकाळी दुधाची पिशवी आणणे, तापवणे आणि संपवणे हे वेळापत्रक नेहमीच जुळते असे नाही. कधी दोन पिशव्या जास्तीच्या उरतात, तर कधी अचानक आलेल्या पाहुण्यांच्या चहालाही दूध पुरत नाही.

या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की दूध गोठवता येते, त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम टिकून राहतात आणि योग्य रीतीने वितळवले तर ते निर्धोकपणे वापरता येते. मात्र गोठवल्याने दूध सुधारत नाही. ज्या अवस्थेत ते फ्रीझरमध्ये जाते त्या अवस्थेत ते फक्त थांबवले जाते. घरगुती गोठवणीचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात, आणि ती नीट समजण्यासाठी दुधाच्या घडणीपासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल.

१. दुधात पाणी किती?

दूध हे मुख्यतः पाणी असते. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के, तर म्हशीच्या दाट दुधात साधारण ८२ ते ८४ टक्के पाणी असते. उरलेल्या भागाचे दोन गट केले जातात. पहिला गट स्निग्धांशाचा, म्हणजे ज्यापासून साय, लोणी आणि तूप मिळते त्या चरबीचा. दुसऱ्या गटात प्रथिने, दुधाला गोडसर चव देणारी दुग्धशर्करा आणि कॅल्शियमसारखे क्षार येतात. या दुसऱ्या गटाला दुग्धव्यवसायात ‘स्निग्धेतर घन पदार्थ’ म्हणतात, आणि पिशवीवर जे दोन आकडे छापलेले असतात ते या दोन गटांचे असतात.

गुजरातेत घरोघरी येणाऱ्या पिशव्यांपैकी अमूल गोल्डमध्ये ६ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के स्निग्धेतर घन पदार्थ असतात, अमूल शक्तीमध्ये हे प्रमाण ४.५ आणि ८.५ टक्के, तर अमूल ताज़ामध्ये ३ आणि ८.५ टक्के असते. हिशेबासाठी गोल्डची अर्ध्या लिटरची पिशवी घेतली, तर तिच्यातील दुधाचे वजन सुमारे ५१५ ग्रॅम भरते, आणि त्यात साधारण ३१ ग्रॅम चरबी, ४६ ग्रॅम इतर घन पदार्थ आणि ४३८ ग्रॅम पाणी असते. फ्रीझरमध्ये गोठते ते हे ४३८ ग्रॅम पाणी. बाकीचे ७७ ग्रॅम पदार्थ या घडामोडीत सापडतात, आणि वितळलेल्या दुधाचे रूप कसे असेल हे त्यांच्यावर काय परिणाम झाला यावर ठरते.

२. दूध शून्य अंशाला का गोठत नाही?

शुद्ध पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते. त्यात साखर किंवा मीठ विरघळवले की गोठण्याचे तापमान आणखी खाली जाते, कारण विरघळलेले कण पाण्याच्या रेणूंना बर्फाच्या शिस्तबद्ध रचनेत सहजासहजी जुळू देत नाहीत. दुधात दुग्धशर्करा आणि क्षार नैसर्गिकरीत्याच विरघळलेले असल्यामुळे त्याचा गोठणबिंदू शून्याखाली सुमारे अर्ध्या अंशावर असतो. हा आकडा इतका स्थिर असतो की दुधात पाणी मिसळले आहे का, हे तपासण्यासाठी डेअरीच्या प्रयोगशाळेत त्याचाच उपयोग करतात. पाणी मिसळले की विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण घटते आणि गोठणबिंदू शून्याच्या दिशेने सरकतो.

या अर्ध्या अंशातून घरातील गोठवणीसाठी महत्त्वाची गोष्ट निघते. दूध एका क्षणात, एकसारखे गोठत नाही. प्रथम त्यातील काही पाण्याचा शुद्ध बर्फ होतो, त्यामुळे उरलेल्या द्रवात साखर आणि क्षार अधिक दाट होतात, त्या दाट द्रवाचा गोठणबिंदू आणखी खाली उतरतो, आणि तापमान आणखी घटल्यावरच पुढचे पाणी गोठते. उणे १८ अंशांपर्यंत थंड केलेल्या, दगडासारख्या टणक दिसणाऱ्या दुधातही थोडा भाग न गोठलेल्या, अतिशय दाट द्रवाच्या रूपात शिल्लक असतो, आणि दुधाचे जे काही बिघडते ते याच भागात बिघडते.

३. गोठताना आत काय घडते?

नवरात्रात वडोदऱ्यातील गरब्याचे मैदान भरते, तेव्हा हजारो माणसे एकमेकांना धक्का न लावता फेर धरू शकतात, कारण प्रत्येकाभोवती थोडी मोकळी जागा असते. त्याच मैदानात एकामागून एक मंडप उभे राहू लागले आणि खेळणाऱ्यांना उरलेल्या कोपऱ्यात सरकावे लागले, तर माणसे तितकीच राहूनही ती एकमेकांवर आदळू लागतील. बर्फाचे स्फटिक दुधात हेच करतात. ते पाण्याची जागा व्यापत जातात आणि प्रथिने, क्षार व चरबीचे गोलक अरुंद होत जाणाऱ्या द्रवात कोंडले जातात.

या गर्दीचा पहिला परिणाम प्रथिनांवर होतो. दुधातील प्रमुख प्रथिन केसीन हे साध्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणाऱ्या बारीक पुंजक्यांच्या रूपात पाण्यात तरंगत असते. या पुंजक्यांना एकत्र धरून ठेवण्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा मोठा वाटा असतो. क्षारांचे प्रमाण एकाएकी वाढले की हा तोल ढळतो, काही पुंजके एकमेकांना चिकटतात आणि वितळलेल्या दुधात पांढऱ्या बारीक कण्या दिसतात. साठवण थोड्या दिवसांची असेल तर यातील बराचसा चिकटलेला भाग दूध गरम करून ढवळल्यावर पुन्हा सुटा होतो. साठवण लांबली, विशेषतः फ्रीझर पुरेसा थंड नसला, तर दाट झालेल्या द्रवात दुग्धशर्करेचे स्फटिक धरू लागतात, केसीन अधिकाधिक जोडले जाते, आणि मग ढवळूनही कण्या जात नाहीत.

दुसरा परिणाम चरबीवर होतो. दुधातील चरबी सूक्ष्म गोलकांच्या रूपात असते आणि प्रत्येक गोलकाभोवती प्रथिने व इतर पदार्थांचे पातळ वेष्टन असते. या वेष्टनामुळेच चरबी पाण्यात मिसळलेली राहते. बर्फाचे टोकदार स्फटिक आणि चोहोबाजूंचा दाब यांमुळे काही वेष्टने फाटतात, गोलक एकमेकांत मिसळतात आणि वितळल्यावर दुधाच्या पृष्ठभागावर तुपकट तवंग किंवा लोण्याचे बारीक ठिपके दिसतात. डेअरीतील काही दुधावर समांगीकरण नावाची प्रक्रिया केलेली असते, म्हणजे मोठ्या दाबाखाली दूध बारीक छिद्रांतून ढकलून चरबीचे गोलक अगदी लहान केलेले असतात. अशा दुधात हा दोष कमी जाणवतो. म्हशीच्या कच्च्या दुधात गोलक मोठे आणि चरबीही जास्त असल्यामुळे तो सर्वांत जास्त दिसतो.

गोठलेले दूध पिवळसर दिसते, याचीही अनेकांना काळजी वाटते. पाण्याचा रंगहीन बर्फ वेगळा झाल्यावर दुधातील रिबोफ्लेविन नावाच्या जीवनसत्त्वाची आणि, गाईच्या दुधात, चरबीतील पिवळ्या रंगद्रव्याची छटा उरलेल्या दाट भागात ठळक होते. वितळवून ढवळल्यावर दूध पुन्हा पांढरे होते. हा पिवळेपणा दूध खराब झाल्याचे लक्षण नाही.

४. उष्णतेचा छोटा हिशेब

दूध थंड करणे सोपे असते आणि गोठवणे अवघड, आणि या दोहोंत किती फरक आहे हे एका उदाहरणाने कळते. एक ग्रॅम पाण्याचे तापमान १ अंशाने उतरवण्यासाठी १ कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते, पण ० अंशावरील १ ग्रॅम पाण्याचा ० अंशावरीलच बर्फ करण्यासाठी ८० कॅलरी काढाव्या लागतात. अवस्था बदलताना, तापमान न बदलता, जी उष्णता द्यावी किंवा काढावी लागते तिला ‘अप्रकट उष्णता’ म्हणतात.

फ्रीजमध्ये ५ अंशावर असलेली गोल्डची अर्ध्या लिटरची पिशवी शून्यापर्यंत आणण्यासाठी सुमारे २,४०० कॅलरी काढाव्या लागतात. तिच्यातील ४३८ ग्रॅम पाणी गोठवण्यासाठी मात्र जवळजवळ ३५,००० कॅलरी, म्हणजे चौदा पटींहून अधिक उष्णता काढावी लागते. पिशवी फ्रीजमध्ये न ठेवता ओट्यावरून, ३० अंशावर, थेट फ्रीझरमध्ये टाकली तर ५ अंशापर्यंत येण्याचाच १२,००० कॅलरींचा भार वाढतो, आणि तो शेजारच्या गोठलेल्या पदार्थांवर पडून तेही किंचित मऊ होऊ लागतात.

या हिशेबातून तीन गोष्टी ठरतात. दूध आधी फ्रीजमध्ये पूर्ण गार करावे आणि मगच फ्रीझरमध्ये ठेवावे. एका वेळी फार दूध न ठेवता घरगुती फ्रीझरमध्ये एक-दोन पिशव्यांपुरतेच थांबावे. आणि दुधाचा थर पातळ ठेवावा, कारण थराची जाडी दुप्पट झाली तर गोठण्याचा वेळ दुपटीहून अधिक, कधी चौपटीपर्यंत वाढतो. वेगाने गोठलेल्या दुधात बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि वेष्टने कमी फाटतात. सावकाश गोठलेल्या दुधात ते मोठे वाढतात.

घरातील कुल्फी हे याचेच उदाहरण आहे. कुल्फीचे दूध आटवल्यामुळे त्यातील पाणी घटलेले असते, साखर आणि घन पदार्थ वाढलेले असतात, आणि साचे अरुंद असल्यामुळे थंडी चटकन आतपर्यंत पोहोचते. त्यात जुन्या पद्धतीप्रमाणे साचा मीठ घातलेल्या बर्फात बुडवला तर भोवतालचे तापमान शून्याच्या बरेच खाली, मिठाचे प्रमाण जुळल्यास उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. बासुंदी, खवा आणि आटवलेले दूध फ्रीझरमध्ये साध्या दुधापेक्षा चांगले टिकतात, याचेही कारण त्यांतील कमी पाणी हेच आहे.

५. जंतू मरतात की थांबतात?

गोठवल्याने दुधातील जंतू मरतात, हा समज घातक आहे. उणे १८ अंशांवर जंतूंची वाढ थांबते, काही जंतू स्फटिकांमुळे मरतातही, पण पुष्कळसे जिवंत राहतात आणि दूध वितळून उबदार झाले की पुन्हा वाढू लागतात. त्यामुळे संध्याकाळपर्यंत बाहेर राहिलेले, नासण्याच्या बेतात आलेले दूध वाचवण्यासाठी फ्रीझरमध्ये ठेवणे व्यर्थ असते. ते वितळल्यावर त्याच अवस्थेतून पुढे जाते आणि तापवताना फाटते. घरातील अनेकांना दूध गोठवल्यामुळे फाटले असे वाटते, तेव्हा बहुधा ते गोठवण्याआधीच आंबट होऊ लागलेले असते.

जंतू मारण्याचे काम उष्णता करते. पिशवीतील दुधाचे पाश्चरीकरण झालेले असते, म्हणजे ते सामान्यतः ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच गार केलेले असते. लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात मद्य टिकवण्यासाठी शोधलेल्या पद्धतीवरून या प्रक्रियेला हे नाव मिळाले. तीत रोग पसरवणारे जंतू नष्ट होतात, पण सगळे जंतू नष्ट होत नाहीत, म्हणून पिशवी फ्रीजमध्ये ठेवावी लागते.

यावरून मराठी घरांत नेहमी पडणाऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते, की दूध तापवून गोठवावे की न तापवता. पिशवी दुकानातून थंड मिळाली असेल आणि लगेच फ्रीजमध्ये गेली असेल, तर ती न तापवता गोठवावी आणि वितळल्यावर तापवावी, कारण पाश्चरीकरण आधीच झालेले असते. गोठ्यावरून सुटे आणलेले दूध मात्र उकळी आणल्याशिवाय गोठवू नये. कच्च्या दुधात चरबी फोडणारे लायपेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, सक्रिय असते. ते थंडीतही संथ गतीने काम करत राहते आणि दुधाला खवट, साबणासारखी चव आणते. उकळल्याने जंतूंबरोबर हे विकरही निकामी होते. उकळलेले दूध पातेल्यासकट थंड पाण्याच्या परातीत ठेवून, अधूनमधून ढवळून लवकर गार करावे, वरची साय काढून वेगळी ठेवावी आणि उरलेले दूध फ्रीजमध्ये पूर्ण थंड झाल्यावर गोठवावे.

६. आणंदचा धडा

घरातील या प्रश्नाचे मोठे रूप समापासून सुमारे ४० किलोमीटरवर, आणंदमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यावर उभे राहिले होते. खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली १४ डिसेंबर १९४६ रोजी सहकारी दूध संघ नोंदवला, आणि पुढे त्या संघाची धुरा सांभाळणारे वर्गीस कुरियन १९४९ मध्ये आणंदला आले. संघाची अडचण अशी होती की म्हशी हिवाळ्यात उन्हाळ्याच्या जवळजवळ दुप्पट दूध देत, पण ते दूध जिथे जाई त्या मुंबईची मागणी वर्षभर साधारण सारखीच राही. हिवाळ्यातले वाढीव दूध टिकवता आले नाही, तर शेतकऱ्याला ते मिळेल त्या भावाने विकावे लागे.

एवढे दूध गोठवून महिनोन्‌महिने ठेवणे परवडणारे नव्हते, म्हणून संघाने उलट मार्ग घेतला आणि दुधातील पाणीच काढून टाकले. म्हशीच्या दुधाची भुकटी करता येणार नाही, असा परदेशी तज्ज्ञांचा समज होता. संघाचे तंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी तो खोटा ठरवला. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी आणंदच्या नव्या डेअरीचे उद्घाटन केले, आणि तेथे म्हशीच्या दुधाची भुकटी व लोणी तयार होऊ लागले. वडोदरा जिल्ह्याचा स्वतःचा सहकारी दूध संघही १९५७ मध्ये स्थापन झाला आणि तो ‘बरोडा डेअरी’ या नावाने शहरात परिचित आहे.

दूध टिकवण्याच्या सगळ्या रीतींचा रोख पाण्यावर असतो. भुकटीत पाणी काढून टाकतात, खव्यात ते आटवतात, आणि फ्रीझरमध्ये ते जागच्या जागी अडवतात. अतिशीत हिवाळ्याच्या प्रदेशांत निसर्गच हे काम करतो. सायबेरियातील याकुत्स्कच्या बाजारात हिवाळ्यात दूध गोठलेल्या चकत्यांच्या रूपात विकले जाते. युरोप-अमेरिकेत मेंढीचे दूध हंगामीच मिळत असल्यामुळे चीज करणारे ते गोठवून साठवतात, आणि फ्रीझर जितका अधिक थंड तितके केसीन अधिक काळ स्थिर राहते, हा त्यांचा अनुभव घरालाही लागू पडतो.

७. घरातील रीत

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, म्हणून कोणतेही भांडे काठोकाठ भरू नये. अर्ध्या लिटरच्या डब्यात ४५० मिलिलिटर दूध ओतले, तर गोठल्यावर ते साधारण ४९० मिलिलिटरपर्यंत पोहोचते आणि झाकण जागेवर राहते. तोच डबा पूर्ण भरला तर झाकण उचलले जाते आणि डब्याबाहेर दुधाचा बर्फ साचतो. काचेची बाटली तडकण्याचा धोका असल्याने ती वापरूच नये. स्टीलचा पसरट, घट्ट झाकणाचा डबा सर्वांत सोयीचा असतो, कारण धातूतून थंडी लवकर आत जाते.

पिशवी न फोडता गोठवायची असेल तर ती प्रथम बाहेरून धुऊन पुसावी, कारण ती क्रेटमधून, टेम्पोतून आणि दुकानातून फिरून आलेली असते. मग ती दुसऱ्या स्वच्छ पिशवीत घालून ताटलीत आडवी पसरावी, म्हणजे दुधाचा थर दोन-अडीच सेंटिमीटरचा राहतो आणि थंडीने प्लास्टिकला बारीक चीर गेली तरी गळणारे दूध ताटलीतच राहते. गोठल्यावर ती पुस्तकासारखी उभी करून ठेवता येते. केवळ चहापुरते दूध लागत असेल, तर बर्फाच्या ट्रेमध्ये दूध गोठवून ते चौकोन घट्ट डब्यात भरून ठेवावेत आणि लागतील तेवढेच काढावेत.

दुधातील चरबी आजूबाजूचे वास पटकन धरते. फ्रीझरमध्ये मासे, लसूण किंवा मेथी उघडी असेल, तर आठवडाभरात ती चव दुधाच्या चहात उतरते, म्हणून झाकण घट्ट असणे आवश्यक आहे. प्रत्येक डब्यावर गोठवल्याची तारीख लिहावी आणि जुने दूध आधी काढावे.

मुदत फ्रीझरवर अवलंबून असते. काही फ्रीझरच्या कप्प्यावर ताऱ्यांची खूण असते, ती वीजबचतीच्या ताऱ्यांहून वेगळी. एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८ अंशांपर्यंतची थंडी. उणे १८ अंशांच्या स्वतंत्र दाराच्या फ्रीझरमध्ये दूध महिनाभर चांगल्या अवस्थेत राहते, आणि त्यानंतरही ते धोकादायक होत नसले तरी कण्या आणि तवंग वाढत जातात. जुन्या सिंगल डोअर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मात्र ते आठवडाभरातच वापरणे शहाणपणाचे ठरते.

न उघडलेले टेट्रापॅक गोठवण्याची गरज नसते. त्यातील दूध सुमारे १३५ ते १४० अंशांवर काही सेकंद तापवून निर्जंतुक वेष्टनात भरलेले असते, त्यामुळे छापलेल्या तारखेपर्यंत ते कपाटातही टिकते.

८. वितळवणे आणि वापरणे

वितळवताना दूध पुन्हा जंतूंच्या आवाक्यात येते, आणि सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होतात. वडोदऱ्यात मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. अशा हवेत ओट्यावर ठेवलेली पिशवी आतून बर्फ असतानाच बाहेरून कोमट होते, आणि त्या कोमट थरात जंतू वेगाने वाढतात. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी डबा फ्रीझरमधून काढून खालच्या फ्रीजमध्ये ठेवावा. पातळ गोठवलेली पिशवी सकाळपर्यंत बहुतांशी वितळते आणि जाड डब्याला पूर्ण दिवस लागू शकतो. घाई असेल तर बंद पिशवी थंड पाण्याच्या पातेल्यात बुडवून पाणी दर अर्ध्या तासाने बदलावे. बर्फाचा गोळा थेट पातेल्यात घालून मंद आचेवर ढवळत वितळवणेही चालते, फक्त तळाला लागू नये म्हणून हात सतत चालता ठेवावा लागतो.

वितळलेले दूध भांड्यात ओतल्यावर कडेला पाण्यासारखा निळसर पातळ भाग, वर पिवळसर तवंग आणि मध्ये बारीक कण्या दिसतात. त्याकडे पाहून ते फेकून देण्याचा मोह होतो. ते रवीने किंवा झाऱ्याने ढवळत एक उकळी येईपर्यंत तापवावे. बहुतेक कण्या विरघळतात, तवंग बऱ्याच अंशी मिसळतो आणि दूध नेहमीसारखे दिसू लागते. उकळल्यावर पाणी आणि चोथा वेगळे झाले, तर मात्र दूध आधीच आंबट होते असे समजावे, आणि असे दूध पिण्यासाठी वापरू नये.

वितळलेले दूध दोन दिवसांत संपवावे आणि पुन्हा गोठवू नये, कारण दुसऱ्या फेरीत प्रथिने व चरबीची हानी वाढते आणि मधल्या वेळेत वाढलेले जंतूही सोबत साठवले जातात. चहा, कॉफी, खीर, शेवया, बासुंदी, पनीर आणि कणीक भिजवणे यांसाठी हे दूध उत्तम ठरते. दही लावायचे असेल तर दूध उकळून ४० ते ४२ अंशांपर्यंत, म्हणजे बोटाला सुखद कोमट लागेल इतके निवू द्यावे आणि मग विरजण लावावे. दही नीट लागते, पोत क्वचित थोडा सैल राहतो. थंड नुसते दूध आवडीने पिणाऱ्या मुलांना मात्र फरक जाणवतो, म्हणून पिण्यासाठी ताजे आणि शिजवण्यासाठी गोठवलेले, अशी वाटणी सोपी पडते.

९. पूर आणि खंडित वीज

समा भागाजवळून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीने या भागाला साठवणीचे महत्त्व दोनदा कठोरपणे दाखवले आहे. ३१ जुलै २०१९ रोजी वडोदऱ्यात एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीची पातळी २५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली. रस्ते पाण्याखाली गेले की दुधाचा टेम्पो सोसायटीपर्यंत येत नाही. पण त्याच वेळी वीजही जाते, म्हणून केवळ फ्रीझरवर विसंबलेला साठा नेमका गरजेच्या वेळी वितळू लागतो.

दार बंद ठेवले तर गच्च भरलेला मोठा फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडी धरतो. फ्रीजच्या वरचा लहान कप्पा त्याहून बराच कमी वेळ टिकतो. गोठलेल्या दुधाचे डबे या काळात स्वतःच बर्फाचे काम करतात, कारण ते वितळण्यासाठी चौथ्या भागात पाहिलेली मोठी अप्रकट उष्णता लागते. घर सोडून जावे लागले आणि वीज किती वेळ गेली होती हे कळत नसेल, तर एक सोपी सोय आधीच करून ठेवता येते. वाटीत पाणी गोठवून बर्फावर एक नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे वरच दिसले तर फ्रीझर फारसा वितळला नव्हता, आणि ते तळाशी गोठलेले आढळले तर सगळे पूर्ण वितळून पुन्हा गोठले होते. अशा वेळी दूध टाकून द्यावे. वीज येईपर्यंत दुधात बर्फाचे खडे शिल्लक असतील तर ते लगेच उकळून वापरता येते. बर्फ मुळीच नसेल आणि दूध दोन तासांहून अधिक काळ कोमट राहिले असेल, तर त्याचा मोह धरू नये.

पावसाळ्यापूर्वी, म्हणूनच, फ्रीझरमधील साठ्याबरोबर कपाटात दोन टेट्रापॅक आणि दूध भुकटीचा एक डबा ठेवणे हे या भागातील घरांसाठी सर्वांत भरवशाचे नियोजन ठरते.

१०. किती साठवावे?

चार माणसांच्या घरात रोज दीड लिटर दूध लागत असेल, तर तीन अर्ध्या लिटरच्या पिशव्या, म्हणजे एका दिवसाची गरज, एवढा गोठवलेला साठा पुरेसा असतो. दर पंधरवड्याला त्या काढून खीर किंवा दह्यासाठी वापराव्यात आणि नव्या ठेवाव्यात. असे केल्याने कोणतेही दूध महिन्याची मुदत ओलांडत नाही, जागा अडत नाही, आणि अचानक पाहुणे आले किंवा सकाळची फेरी चुकली तरी घर अडत नाही. याहून अधिक साठवणे हे धावपळ कमी करण्याऐवजी जुने दूध संपवण्याची नवी धावपळ निर्माण करते.

ही काटेकोर काळजी घेण्यामागे सोयीपलीकडचे कारणही आहे. गुजरातच्या खेड्यांत सहकारी दूध संस्थेच्या केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध मोजले जाते, त्याचा स्निग्धांश तपासला जातो आणि त्यावरून गोठ्यात पहाटेपासून राबणाऱ्या पशुपालकाचा मोबदला ठरतो. या राबण्यात फार मोठा वाटा स्त्रियांच्या श्रमाचा असतो. घरात नासून सांडलेल्या अर्ध्या लिटरबरोबर ते श्रमही वाया जातात. उरलेली पिशवी आंबण्याची वाट न पाहता ती आणल्याच दिवशी गोठवायची, हा निर्णय घेण्यास एक मिनिटही लागत नाही, आणि दूध वाचवण्यात या एका निर्णयाचा वाटा फ्रीझरच्या थंडीपेक्षाही मोठा असतो.